सतरा शिफारशी आणि एक अर्ज

शरयूला आवाज आहे हे तीर्थपुरीला कळलं, ते लाइट गेल्यामुळे.

त्याआधी आठवीपर्यंत तिनं वर्गात दिलेलं एकही उत्तर पहिला बाक ओलांडून गेलं नव्हतं. ती नववीत गेली, आणि जुलैतल्या एका सकाळी परिपाठाला बातम्या वाचणारी मुलगी तापानं घरी राहिली. हाताला लागली म्हणून सरांनी शरयूला पुढं केलं. तिनं "आजच्या ठळक बातम्या" एवढं म्हटलं आणि माइकनं मान टाकली. भारनियमन! "थांब, जनरेटर लावू," सर म्हणाले, आणि शाळेला जनरेटर नाही हे मग त्यांच्याही लक्षात आलं. सहाशे पोरं टकामका बघत होती. शरयूनं डोळे मिटले, पोटातून हवा वर ओढली आणि बातम्या अशा काही वाचल्या, की रस्त्यापलीकडं बंद गिरणीपाशी दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायकांतून आवाज आला, "अन् पावसाचं काय म्हनून राह्यले, माय?"

त्या दिवसापासून बातम्या शरयूकडं. आणि एकदा आवाज सापडल्यावर तो नुसत्या बातम्यांपुरता कोण ठेवतो? ती कंडक्टरला सुट्टे मागायला लागली, भाजीवाल्याच्या तराजूत डोकावायला लागली, मोठ्यांच्या बोलण्यात बिनधास्त तोंड घालायला लागली. अरुंधतीकाकू कपाळाला हात लावून म्हणायची, "बोलत नव्हती म्हणून नवस केला. आता गप्प बसावी म्हणून कुठल्या देवाला जाऊ?"

सप्टेंबरात एका सकाळी परिपाठाला वाचायच्या पेपरात तिला एक जाहिरात दिसली. राज्याच्या वीज नियामक आयोगावर सदस्याची एक जागा रिकामी होती. विजेचे दर ठरवायचे, लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, वीज देणाऱ्यांना जाब विचारायचा, असं ते आयोगाचं काम. विजेच्या कामाचा दांडगा अनुभव असलेल्यांनी तीन आठवड्यांच्या आत अर्ज पाठवावेत. शरयूनं ती बातमीसारखी खणखणीत वाचली आणि वाचता वाचताच तिच्या डोळ्यांपुढं मोठे काका उभे राहिले.

मोठे काका म्हणजे तिच्या बाबांचे थोरले भाऊ, गिरिधर. चौतीस वर्षं विजेच्या खात्यात काढून, इंजिनिअर म्हणून रिटायर होऊन दोन वर्षांपूर्वी ते अरुंधतीकाकूसह गावी परत आले होते. आता रोज सकाळी ते घरापुढच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि गावातली माणसं बिलं घेऊन येत. "सायब, हे काय लिहेल हाय?" मोठे काका प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगत. माणूस सोन्यासारखा. खोट एकच, भीड. कुणालाही नाही म्हणायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. मधुमेह असून लग्नात कुणी आग्रहानं चार जिलब्या वाढल्या, तर चारही खाऊन येत आणि मग काकूची बोलणी पाचवी म्हणून खात.

"मोठे काका, तुम्ही अर्ज करा!" दप्तर खाली टाकायच्या आत शरयू म्हणाली.

त्यांनी जाहिरात वाचली, पुन्हा वाचली आणि घडी घालून परत दिली. "अशा जागा आधीच भरलेल्या असतात गं. कोण कुणाचा, ते ठरलेलं असतं. जाहिरात म्हणजे लग्न लागून गेल्यावर छापलेली पत्रिका."

"पत्रिका आली ना? मग जेवायला जायचं!"

काकू आतून हसली. "जा की. नाहीतरी फुकटच्या जिलब्या खाताच."

पण दुसऱ्या दिवशी दुपारी शरयू शाळेतून आली तर मोठे काका टेबलाशी बसून लिहीत होते, आणि पायाशी चुरगळलेल्या कागदांचे सात बोळे पडले होते. संध्याकाळी चार पानांचा अर्ज तयार झाला. अक्षर छापल्यासारखं.

इथवर सगळं छान होतं. घोळ केला तो शरयूनं. दुसऱ्या दिवशी परिपाठाला हवामान वाचून झाल्यावर तिला राहवेना. "आणि आता एक खास बातमी," ती म्हणाली, "आपल्या तीर्थपुरीचे श्री. गिरिधर यांनी राज्याच्या वीज आयोगासाठी अर्ज केला आहे!" सहाशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीपर्यंत बातमी बाजारात पोचली आणि शाळा सुटायच्या आत बद्रीनाथ आप्पा लिंबाखाली हजर.

बद्रीनाथ आप्पा सोसायटीचे चेअरमन. पण ते नुसतं पाटीवर. खरं म्हणजे ते गावाचं दार होते. गावातून कुणीही कुठंही निघाला, की आप्पांचं पत्र घेऊनच निघायचा. कुणाची बदली, कुणाचं कॉलेज, कुणाचं दवाखान्यातलं खाटलं. आप्पा पत्र द्यायचे, वरच्याला गाठायचे, वरचा त्याच्या वरच्याला. बंडीच्या आतल्या खिशात लेटरहेड कायम. आणि चहाशिवाय त्यांनी त्यापायी कुणाचं काही घेतलं नव्हतं, हेही खरं.

"सायब, हे काय आयकून राह्यलो मी? अर्ज करून राह्यले तुमी, अन् आमाला पत्ता न्हाई?"

"आप्पा, साधा अर्ज आहे, टपालानं..."

"साधा!" आप्पांनी कानाला हात लावला. "बिनशिफारशीचा अर्ज म्हंजे बिनतारंचा खांब. हुबा ऱ्हाईल बराबर, पन उजेड पडंल का? गावचा मानूस मुंबईला बसनार, अन् गाव काय झोपा काढनार?"

"नाही, पण मला वाटतं, शिफारस म्हणजे..."

"तुमी नुसतं वाटून घ्या. आनायचं काम आमचं."

मोठ्या काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "चहा घेणार ना?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून गावाला दुसरा धंदा उरला नाही. आप्पा सांगायचे आणि शरयू लिहायची, कारण तिचं अक्षर मोठ्या काकांच्या वळणावर गेलेलं. सोसायटीचं पत्र. दूध डेअरीचं पत्र. सरपंचांचं. मंठ्याच्या व्यापाऱ्यांचं, कारण तिथं आप्पांचे व्याही. टेंभुर्णीचं, कारण ती काकूचं माहेर, आणि जावयासाठी टेंभुर्णी मागं राहिली असं नको व्हायला. भजनी मंडळाचे पुंजाराम बुवा म्हणाले, "आमी काय लिवावं? सायबाला गळा न्हाई." मग आप्पांनी सांगितलं, "लिही, सदर गृहस्थ तालाला पक्के आहेत." शरयू हसून हसून तीनदा पेन सोडून बसली.

महिला बचत गटाच्या पत्रावर अध्यक्ष म्हणून चतुराबाईंनी अंगठा उठवला. या चतुराबाई म्हणजे शेजारच्या, पाच एकर जमीन एकटीच्या हिमतीवर करणाऱ्या. त्यांनी कागद उजेडात धरून बघितला. "बराबर उठला का गं? फिक्का पडला तर मुंबईत दिसायचा न्हाई. अन् सायबाला सांग, तिथं बसल्यावर पयलं काम, दिवसा लाइट. रातच्याला पानी धरून धरून मोटरीपेक्षा मीच जास्त जळाले."

मधल्या काळात जालन्याला मोठ्या काकांच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. ते हिरवा चष्मा लावून लिंबाखाली बसू लागले आणि येणारा जाणारा म्हणू लागला, "सायब, आत्ताच मंत्र्यासारखं दिसून राह्यले!" ते हसायचे. पण अर्ज काही टपालात पडेना, कारण आमदारसाहेबांचं पत्र यायचं होतं. साहेब दौऱ्यावर होते, मग साहेबांचे सचिव लग्नाला गेले, मग लेटरहेड संपली. आप्पा चार दिवस त्यांच्या बंगल्याच्या पायरीवर बसले, पण पत्र घेऊनच उठले. सतरावं पत्र! सतरातली बारा शरयूच्या अक्षरात. तोवर बुधवार उजाडला होता आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ही शेवटची मुदत. टपालानं पोचायचा वेळ गेला. "त्यात काय? मी सोता नेऊन देतो," आप्पा म्हणाले. मोठ्या काकांना डॉक्टरांनी पंधरा दिवस प्रवास करू नका म्हणून बजावलेलं. ठरलं. गुरुवारी सकाळच्या एसटीनं जालना, तिथून रेल्वेनं मुंबई.

बुधवारी शाळेतून आल्यावर शरयू कात्रणवही घेऊन बसली. विज्ञानाच्या बाईंनी 'वीज' या विषयावर कात्रणं चिकटवून आणायला सांगितली होती. ती जाहिरात तिनं जपून ठेवलेली होतीच. खळ लावायच्या आधी तिनं ती पहिल्यांदा खालपर्यंत वाचली. परिपाठाला तिनं वरचा जाड टाइप तेवढाच वाचला होता. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत अटी होत्या. एक, दोन, तीन करत ती आठव्या अटीवर आली आणि तिचा खळीचा हात हवेतच राहिला.

'उमेदवाराने स्वतः अथवा अन्य व्यक्तीमार्फत राजकीय वा इतर शिफारस अथवा दबाव आणल्यास त्याचा अर्ज बाद समजण्यात येईल.'

एक शिफारस आणली तरी बाद. इथं सतरा होत्या, लाल फितीनं बांधलेल्या, आणि सगळ्यांत खाली बिचारा अर्ज.

ती धावतच लिंबाखाली गेली. "मोठे काका! अट आठ! ही बघा, ही..."

"माहीत आहे मला," मोठे काका म्हणाले.

शरयूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी वाचली. ऑपरेशनच्या आधी दोन्ही डोळ्यांनी."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? पुंजाराम बुवांना? त्यांनी सगळं भजनी मंडळ बसवून सह्या घेतल्या. चतुराबाईंनी अंगठा तीनदा तपासला. माणसं एवढ्या मायेनं काही करतायत, त्यांना काय म्हणू, तुमच्या मायेनं माझं काम बिघडतंय?" त्यांनी हिरवा चष्मा नीट केला. "जाऊ दे गं. नाहीतरी कुठं मिळणार होतं? गाव खूश आहे ना, मग झालं तर."

आठवीतली शरयू असती तर इथंच थांबली असती. नववीतली शरयू समोर मांडी ठोकून बसली. "ते सोडा. तुम्हाला ती जागा हवी आहे का नको? एवढंच सांगा."

रस्त्यानं एक बैलगाडी पूर्ण जाऊन दिसेनाशी झाली.

"हवी आहे," ते म्हणाले. "फार हवी आहे गं. चौतीस वर्षं मी लोकांना समजावून सांगितलं, की वर असं ठरलंय, तसं ठरलंय. जिथं ठरतं त्या खोलीत एकदा बसायचं होतं." मग घाईघाईनं म्हणाले, "पण आप्पांना काही बोलू नकोस हं. वाईट वाटेल."

शरयूनं मान हलवली. ती होकाराची होती का नकाराची, हे मोठ्या काकांना एका डोळ्यानं नीट दिसलं नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजता स्टँडवर निम्मं गाव लोटलं होतं. कचरूची हलगी कडाडत होती. आप्पा कडक इस्त्रीचे कपडे, कपाळभर गुलाल, खांद्याला पिशवी, पिशवीत फाइल अशा थाटात उभे. हार दोन आणले होते, एक आप्पांना आणि एक मोठ्या काकांना. त्यांना खुर्चीवर बसवलं होतं आणि हिरव्या चष्म्यामुळं त्यांच्या मनात काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. जालना गाडी लागलेली होती. ड्रायव्हर चहा पीत होता.

शरयू शाळेच्या ड्रेसवर आली, गर्दीतून घुसली आणि सिमेंटच्या बाकड्यावर चढली. पोटातून हवा वर ओढली.

"अट क्रमांक आठ!"

हलगी थांबली. शरयूनं कात्रण वाचलं, अगदी सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. मग सोप्या भाषेत सांगितलं, "म्हणजे एकाचं जरी पत्र जोडलं तरी मोठ्या काकांचा अर्ज बाद."

आप्पा पहिल्यांदा हसले. "उतर खाली, पोरी. अशा अटी लिवायसाठीच असत्यात. 'हात लावू नये' लिहेल असतं, तिथंच समदे हात लावतेत का न्हाई?"

गर्दी खो खो हसली. शरयूला वाटलं, आपला आवाज आता परत पहिल्या बाकापलीकडं जायचा नाही. तिनं खाली बघितलं. मोठे काका मान घालून बसले होते.

"आप्पा, यातली बारा पत्रं मी लिहिली," ती म्हणाली. आवाज कापत होता पण पोचत होता. "आणि परिपाठात सांगून बोभाटाही मीच केला. पहिली चूक माझी. तुमची नाही, कुणाचीच नाही. पण फाइल अशीच गेली तर तिथं कुणी मोठ्या काकांची चार पानं उघडणारसुद्धा नाही."

मग चतुराबाई पुढं आल्या. "शरे, खरं सांग. माझ्या अंगठ्यानं सायबाचं वाटोळं व्हनार व्हय?"

"हो, मावशी."

"मंग काढ की तो अंगठा! बघत काय बसलीस?"

आप्पांनी पिशवी छातीशी धरली. "चतुराबाई, तुमाला यातलं कळत न्हाई."

"न्हाई कळत. तुमाला कळतं ना? मंग वाचली व्हती का ती आठ नंबर?"

या वेळी गर्दी हसली ती आप्पांना. आप्पांच्या गुलालाखालचं कपाळ गुलालासारखं झालं. चतुराबाईंनी पिशवीत हात घातला, फाइल काढली, फीत सोडली आणि आपला कागद शरयूकडून ओळखून घेतला. मग डेअरीवाले आले. मग सरपंच. मंठ्याचं आणि टेंभुर्णीचं पत्र काकूनं काढून घेतलं. "टेंभुर्णीचं मी बघते," ती म्हणाली, "माहेर माझं आहे, रुसलं तर माझ्यावर रुसेल." पुंजाराम बुवांनी आपला कागद दोनदा वाचला. "तालाचं लई झ्याक लिहेल व्हतं. हे घरी ठिवतो मी," म्हणत टोपीत घडी करून ठेवला.

बाकीचीही एकेक करून निघाली आणि शेवटी एकच पत्र राहिलं. आमदारसाहेबांचं. त्यावर आप्पांचा पंजा पडला.

"हे न्हाई. चार दिवस पायरीवर बसलो मी याच्यापायी. उद्या सायबानं इचारलं, माझ्या पत्राचं काय केलं, तर काय तोंड दाखवू?" आणि ते थेट मोठ्या काकांकडं वळले. "सायब, तुमीच सांगा. हे येक ऱ्हाऊ द्यायचं का न्हाई?"

सगळं स्टँड खुर्चीकडं बघायला लागलं. मोठ्या काकांचे ओठ 'राहू द्या'च्या 'रा'साठी उघडलेले शरयूला स्पष्ट दिसले. चार जिलब्या खातानाही असेच उघडायचे. तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. हे तिनं वाचून दाखवायचं नव्हतं.

मोठे काका उठून उभे राहिले.

"नाही, आप्पा," ते म्हणाले.

काकूच्या हातातलं टेंभुर्णीचं पत्र खाली पडलं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिनं हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"तुमच्यावर राग नाही," मोठे काका पुढं म्हणाले, आणि एकदा दार उघडल्यावर शब्द आपोआप यायला लागले. "नोकरीत माझी बदली झाली ती कुणाच्या तरी फोननं, आणि थांबली तीही कुणाच्या तरी फोननं. चौतीस वर्षं. एकदा मला बघायचंय, आप्पा, नुसता माझा कागद टेबलावर ठेवला तर समोरचा काय म्हणतो."

आप्पांनी पत्राकडं बघितलं. त्यावरची सोनेरी राजमुद्रा अंगठ्यानं पुसल्यासारखी केली. "मंग माझं काय काम उरलं?" ते म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसला.

"तुमचंच तर उरलं. अर्ज तुम्हीच न्यायचा. मला प्रवास नाही, आणि दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. पण तिथं माझ्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही."

"येक बी?"

"एकही."

मुंबईपर्यंत चालत जा म्हटलं असतं तर आप्पांना सोपं गेलं असतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आप्पांनी आमदारसाहेबांचं पत्र मोठ्या काकांच्या हातात ठेवलं, चार पानांचा अर्ज पिशवीत घातला आणि कुणाकडं न बघता गाडीत चढले. कचरूला वाजवावं का नाही ते कळेना, म्हणून त्यानं हलगीवर दोनच टिपऱ्या मारल्या.

शुक्रवारी शरयूनं शाळेत काय केलं ते तिचं तिला ठाऊक नाही. भूगोलाच्या तासाला सरांनी महाराष्ट्राची राजधानी विचारली तर ती म्हणाली, "पाच वाजेपर्यंत." घरी आली तर काकू फोनपाशीच भाजी निवडत बसलेली. आप्पांना चाळीस वर्षांची सवय होती. चहाच्या टपरीवरसुद्धा ते "मी आमदारसाहेबांच्या जवळचा" म्हणून चहा मागायचे. ते काय गप्प बसणार? मोठे काका म्हणत होते, "बसतील." पण खोलीत इकडून तिकडं फेऱ्या मारत म्हणत होते.

साडेचारला फोन वाजला. काकूनं रिसीव्हर असा धरला की तिघांचे कान त्याला लागले.

"दिला!" पलीकडून आप्पा मुंबईहून ओरडले, ते फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "पावती हाय खिशात. शिक्क्याची!"

"काही बोललात का, आप्पा?" मोठ्या काकांनी हळूच विचारलं.

"आयका तर! खिडकीत येक बाई व्हती. तिनं इचारलं, कुणाकडून आलात? सायब, खोटं न्हाई सांगत, आमदारसायबाचं नाव जिभेवर आल्तं. मंत्र्याचं आल्तं. माझं सोताचं चेअरमनपद बी आल्तं. समदं गिळलं. म्हनलं, बाई, अर्ज करनाराच्या डोळ्याचं आपरेशन झालंय, मी नुसता आनून देनारा."

"मग?"

"मंग काय? ठप! शिक्का. दोन मिंटात बाहीर! आत बसवलं न्हाई, च्या न्हाई, उद्या या न्हाई." आप्पांचा आवाज खाली आला. "सायब, इतक्या जल्दी माझं येक बी काम झालं न्हाई आजवर. मला तर भ्या वाटून राह्यलं."

मोठे काका हसायला लागले. हसता हसता ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, आणि डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका म्हटलंय म्हणून काकू त्यांना रागवायला लागली.

डिसेंबरात मुलाखतीचं पत्र आलं. मोठे काका काकूला घेऊन मुंबईला गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. लिंबाखाली गाव जमलेलं. "पन्नास मिनिटं," ते सांगत होते. "समोर तिघं जण. नुसतं विजेवर विचारलं. तारा, खांब, गळती, शेतकऱ्याची मोटार. चतुराबाई, तुमची रात्रीची पाळीसुद्धा सांगितली मी. त्यातल्या एकानं ते लिहून घेतलं."

"माझं नाव सांगितलं व्हय?" चतुराबाई घाबरल्या. "बाद व्हशान ना वो!"

"नाव नाही सांगितलं, चतुराबाई. एक शेतकरी बाई म्हटलं."

"मंग बराबर," म्हणून त्या निवांत झाल्या.

फेब्रुवारीत पेपरात बातमी आली. निवड समितीनं राज्यभरातल्या अर्जांतून दोन नावं काढून सरकारकडं पाठवली होती. एक मोठ्या काकांचं आणि एक विदर्भातल्या एका बाईंचं. सरकारनं त्या बाईंना नेमलं. त्या कुठल्या तरी गटाच्या जवळच्या, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, छे, तसं काही नाही. मोठे काका म्हणाले, "हुशार आहेत त्या. त्यांचा एक लेख मी वाचलाय, मला दोनदा वाचावा लागला." आणि त्यांनी पेपर शरयूकडं दिला. त्यांचं नाव छापलेल्या ओळीवर तिनं किती वेळा बोट फिरवलं त्याला गणती नाही.

आप्पा मात्र उपरण्याचं टोक तोंडाला लावून, मयतीला आल्यासारखे आले. बसले. सुस्कारा सोडला. "सायब, लागलं असतं. त्या पोरीनं घोळ केला, न्हाईतर लागलं असतं."

"बाद झालो असतो, आप्पा."

"समजा, नसते झाले बाद. समजा, सतराच्या सतरा पत्रं चालली असती अन् जागा मिळाली असती. मंग?"

"मग मी तिथं माझ्या कामानं बसलोय का तुमच्या पत्रानं, हे मला मरेपर्यंत कळलं नसतं," मोठे काका म्हणाले. "आता कळलं. अख्ख्या राज्यातून दोन माणसं काढली, त्यातला एक मी निघालो. माझा मी." त्यांनी आत वळून हाक मारली, "अगं, आप्पांना चहा. आणि मला नको, मी नाही म्हणतोय!" हल्ली ते दिवसातून तीन-चारदा तरी नाही म्हणायचे, सरावासाठी. काकू त्यालाही वैतागली होती.

आप्पा एकेक घोट चहा पीत राहिले. त्यांच्या डोक्यात काहीतरी सावकाश फिरत होतं. "दोनातला येक," ते पुटपुटले. "म्हंजे राज्यात दुसरा नंबर. आपल्या तीर्थपुरीचा." कप खाली ठेवताना ते ताठ झाले होते, आणि उपरणं खांद्यावर टाकून जे निघाले ते थेट बाजारात.

संध्याकाळी शरयू बाजारात पेन आणायला गेली तेव्हा आप्पा टपरीपुढच्या बाकड्यावर मधोमध बसलेले आणि भोवती ही गर्दी. "अन् त्या बाईनं इचारलं, कुणाकडून आलात? सांगतो तुमाला, येक शब्द बोललो न्हाई मी तिथं!"

हे सांगायला त्यांना पाऊण तास लागला.